नाण्यांचं वजन आणि उलटं चिलखत

१९७८-७९ च्या सुमारास आलेल्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांप्रमाणे दहा सुवर्णमुद्रांचं वजन एक पौंड भरतं. म्हणजे एकेक मुद्रा सुमारे पंचेचाळीस ग्रॅमची, जुन्या हिशेबानं जवळजवळ चार तोळ्यांची. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया एका तोळ्याचा होता, हे आठवलं की या नाण्यांचा अवाढव्यपणा लक्षात येतो. ड्रॅगनला लोळवून हजार मुद्रांची पेटी हाती लागली, तर शूरवीराच्या पाठीवर पंचेचाळीस किलोंचं ओझं चढायचं. त्यानं त्याची चाल मंदावायची, आणि किती मंदावली याचा हिशेब खेळाडूनं कागदावर मांडायचा. हा हिशेब न मांडण्याबाबत जगभरच्या खेळाडूंचं जेवढं एकमत झालं, तेवढं या खेळातल्या दुसऱ्या कशावरही झालं नसेल.

मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला १९७४ मध्ये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे त्याचं गाव. एक निर्माता गॅरी गायगॅक्स तिथला, तर दुसरा निर्माता डेव्ह आर्नेसन शेजारच्या मिनेसोटा राज्यातला. खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या खेपेच्या प्रती हजार. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक ‘डंजन मास्टर’ म्हणजे कथा चालवणारा आणि निवाडा करणारा, बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘मी दार लाथेनं उघडतो’ असं खेळाडू म्हणाला की दार उघडलं का, हे फासा आणि नियम मिळून ठरवतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुलं तळघरात बसून खेळतात तो हाच खेळ.

१९७४ नंतर या खेळाची नियमपुस्तकं अनेकदा नव्यानं लिहिली गेली: सत्तरच्या दशकाअखेरची ‘अॅडव्हान्स्ड’ मालिका, मग १९८९, २०००, २००८, २०१४, आणि अगदी अलीकडे २०२४. ही पुस्तकं ओळीनं ठेवून वाचली तर खेळाडू कशाला कंटाळले होते याची नोंद आपोआप हाती येते. गंमत अशी की टाकून दिलेल्या नियमांतले बरेचसे आपापल्या जागी शहाणे होते. ज्या अडचणीवर ते तोडगा म्हणून आले, ती अडचण खेळातून निघून गेली आणि तोडगा मागे राहिला. काही नियम मात्र पहिल्या दिवसापासूनच वाईट होते.

ओझ्याचा नियम पहिल्या प्रकारातला. सुरुवातीच्या खेळात पात्राची प्रगती राक्षस मारून फारशी होत नसे. अनुभवगुण मिळत ते मुख्यतः खजिन्याचे. भुयारातून एक सुवर्णमुद्रा सुखरूप बाहेर आणली की एक गुण. राक्षस मारल्याचे गुण त्यापुढे किरकोळ असत. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा आणि पेटी पळवायचा. आता त्याला अडवायचं कशानं? वजनानं. १९८१ च्या ‘बेसिक’ संचात मोकळं पात्र दहा मिनिटांत १२० फूट चालतं. अंगात धातूचं चिलखत असेल तर ६० फूट, आणि वर खजिनाही असेल तर ३०. मशाल तासाभरात विझते. दर वीस मिनिटांनी डंजन मास्टर सहा बाजूंचा फासा टाकतो आणि एक पडला तर भटकता राक्षस समोर येतो. या राक्षसाकडे सहसा लुटण्यासारखं काही नसतं, म्हणजे जिवाला धोका पुरेपूर आणि गुण जवळजवळ शून्य.

हे सगळं एकत्र ठेवलं की नाण्याचं वजन खेळाच्या मध्यभागी येतं. जास्त सोनं उचललं की चाल मंद, चाल मंद म्हणजे जास्त वेळ, जास्त वेळ म्हणजे जास्त मशाली आणि जास्त राक्षस. चांदीची नाणी इथंच टाकून सोन्याची तेवढी न्यावीत का? चिलखत उतरवून त्या वजनाचं सोनं न्यावं का? टेबलावर यावरून खरीखुरी भांडणं होत, आणि ती रंगतदार असत. नाणं जड करण्यामागे गायगॅक्सचा काही हिशेब होता, तो हा.

पुढे खेळाडूंना कथा हवीशी वाटू लागली. राजकन्येची सुटका, राज्याचं रक्षण, सूडाचा प्रवास. १९८९ च्या आवृत्तीनं सोन्यासाठी अनुभवगुण देणं ऐच्छिक करून टाकलं आणि २००० च्या आवृत्तीत ते मुख्य नियमांतून गेलंच. वजनाचे तक्ते मात्र पुस्तकात तसेच राहिले. मुद्रा हलक्या झाल्या, पौंडाला पन्नास. पण मुद्रेच्या वजनावर काही अवलंबून असण्याचे दिवसच सरले होते. आता तक्ता भरायचा तो केवळ तक्ता भरण्यासाठी. खेळाडूंनी तो सोडून दिला यात आळसापेक्षा समज जास्त होती. राहिलीसाहिली कसर ‘बॅग ऑफ होल्डिंग’नं भरून काढली. बाहेरून साधी पिशवी, आत मात्र कितीतरी जास्त जागा. म्हणजे नियमाला बगल देणारी वस्तू खेळानं स्वतःच बक्षीस म्हणून वाटली.

हा नियम मेला असं मात्र समजू नये. २००६ पासून जुन्या पद्धतीच्या खेळाचं पुनरुज्जीवन करणारी पुस्तकं येऊ लागली, आणि त्यांनी सोनं आणि ओझं या जोडीला पुन्हा एकत्र आणलं. केल्सी डिऑनचा २०२३ मधला ‘शॅडोडार्क’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात पौंड मोजायचे नाहीत. पात्राकडे ठरावीक कप्पे असतात, दहा किंवा ताकदीच्या आकड्याइतके, यांत जे जास्त असतील तेवढे, आणि बहुतेक वस्तूंना एकेक कप्पा लागतो. मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते, टेबलावर गजर लावून. खजिन्याला पुन्हा अनुभवगुण आहेत. लोकवर्गणीतून या पुस्तकासाठी तेरा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. वजनाला कंटाळलेल्या जमातीनं दिलेले हे पैसे आहेत.

वार बसला का हे ठरवणाऱ्या ‘थॅको’ या नियमाची कथा वेगळी आहे. त्याच्या गणितात काही दोष नव्हता.

१९७४ च्या पुस्तिकांत संरक्षणाचा आकडा उलटा चालायचा. उघड्या अंगाचा ‘आर्मर क्लास’ नऊ, पोलादी चिलखत आणि ढाल घेतली की दोन. आकडा जितका लहान, तितका माणूस सुरक्षित. आर्नेसन सांगे की ही कल्पना त्यानं आरमारी युद्धाच्या एका खेळातून उचलली. ‘पहिल्या वर्गाची नौका’ ही तिसऱ्या वर्गाच्या नौकेपेक्षा भक्कम, तसंच चिलखताचं. तेव्हा वार बसला की नाही हे तक्त्यात पाहायचं असल्यानं आकडा कोणत्या दिशेनं चालतो याला फारसं महत्त्व नव्हतं. नवशिक्या लढवय्याला वर्ग नऊसाठी वीस बाजूंच्या फाशावर दहा हवेत, वर्ग दोनसाठी सतरा. बोट ठेवा, आकडा वाचा, फासा टाका.

पंचाईत झाली ती जादूच्या चिलखतांनी. दोनच्या खाली एक, मग शून्य, मग उणे. सर्वांत भक्कम संरक्षण ‘उणे दहा’ असं होऊन बसलं. तक्ते लांबले तेव्हा एक आडवाट सापडली: शून्य वर्गावर वार बसायला किती लागतात एवढा एकच आकडा लक्षात ठेवायचा आणि त्यातून समोरच्याचा वर्ग वजा करायचा. १९७९ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात शेवटी राक्षसांच्या यादीत हा आकडा होताच. १९८९ मध्ये तो ‘थॅको’ या नावानं मुख्य नियम झाला.

उदाहरणच घ्यायचं तर, लढवय्याचा थॅको १७ आणि शत्रूचा वर्ग ४. सतरातून चार गेले, तेरा हवेत. शत्रूचा वर्ग उणे दोन असेल तर सतरातून उणे दोन वजा करायचे, म्हणजे दोन मिळवायचे, एकोणीस. शाळेत इयत्ता सहावी-सातवीत येणारं हे गणित. पण रात्री साडेअकराला, ड्रॅगन समोर असताना, ते करायला कुणाला आवडेल?

२००० मध्ये जॉनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्या तिसऱ्या आवृत्तीनं आकडे सुलटे केले. त्याच लढवय्याला आता ‘अधिक तीन’ मिळतात, वर्ग ४ चा झाला १६ आणि उणे दोनचा २२. फासा टाका, तीन मिळवा, सोळा झाले की वार बसला. फाशावर किती पडायला हवेत? तेराच. बावीससाठी एकोणीसच. शक्यता कणभरही बदलली नाही. तरीही थॅको गेल्याचा आनंद एवढा मोठा झाला की जुन्या अवजडपणाचं ते बोधचिन्हच बनलं.

खरं तर थॅकोनं बऱ्याच इतरांचाही दोष डोक्यावर घेतला. १९८९ च्या आवृत्तीत हल्ल्याच्या फाशावर मोठा आकडा चांगला, कौशल्याच्या फाशावर लहान आकडा चांगला, चोराच्या करामतींसाठी शेकड्याचे फासे आणि त्यातही लहान चांगला, विषातून वाचायला पुन्हा मोठा. ‘अधिक एक’ची ढाल मिळाली तर वर्गातून एक वजा करायचा. प्रत्येक वेळी ‘आता जास्त हवेत की कमी?’ हा प्रश्न. तिसऱ्या आवृत्तीचं यश म्हणजे तिनं सगळ्याला एकच सूत्र लावलं: वीस बाजूंचा फासा, त्यात जे मिळवायचं ते मिळवा, ठरलेल्या आकड्याइतकं किंवा अधिक झालं की काम फत्ते. थॅको एकट्यानंच उलटा असता तर कदाचित आजही टिकला असता. १९९८ च्या ‘बॉल्डर्स गेट’ या संगणकीय खेळात थॅको पूर्णपणे शाबूत होता, आणि वजाबाकी यंत्र करत असल्यानं अनेकांना तो नीट न समजताही खेळ पुरा करता आला.

आता जे नियम मनाला लागायचे त्यांच्याकडे वळू. पहिल्या पुस्तिकांत माणसांना प्रगतीची मर्यादा नव्हती, पण ड्वार्फ लढवय्या सहाव्या पायरीवर थांबायचा, हॉबिट चौथ्या, एल्फ लढवय्या म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या. (पुढे टॉल्किनच्या हक्कदारांच्या आक्षेपामुळे हॉबिटांचे ‘हाफलिंग’ झाले.) गायगॅक्सचं म्हणणं असं की हजार वर्षं जगणारे, अंधारात पाहणारे एल्फ माणसांइतकेच वाढू लागले, तर जगात माणसांचं वर्चस्व उरेल कसं? तर्क ऐकायला ठीक, पण तोल साधण्याची ही रीत अजब होती. फायदा आज मिळणार आणि किंमत काही वर्षांनी मोजायची. जो गट सहा महिन्यांत फुटला त्याला एल्फ फुकटात पडला. जो गट पाच वर्षं टिकला, त्यातल्या एल्फ खेळाडूनं उरलेली वर्षं मित्रांची पात्रं पुढे जाताना पाहत काढायची. निष्ठेनं खेळणाऱ्यालाच शिक्षा. पुष्कळ टेबलांवर ही मर्यादा वाढवली गेली किंवा पाळलीच गेली नाही, आणि २००० मध्ये ती अधिकृतपणे गेली.

स्त्री पात्रांच्या ताकदीवरची मर्यादा तर कोणत्याच निकषावर टिकत नाही. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात पुरुष लढवय्याची ताकद शंभर उपपायऱ्यांच्या टोकापर्यंत जाऊ शके, मानवी स्त्रीची पन्नासावर अडे. ज्या खेळात माणूस आगीचे गोळे फेकतो, मेलेला परत उठतो, तिथे शरीरशास्त्राचा दाखला फक्त इथेच का आठवावा? खेळाचा तोल त्यानं साधत नव्हता आणि मजाही वाढत नव्हती. १९८९ मध्ये हा नियम काढला गेला. तो अकरा वर्षं छापील राहिला हेच जास्त.

पायऱ्या शोषून घेणारे राक्षस मात्र आजही वादाचा विषय आहेत. जुन्या नियमांत ‘वाइट’ या प्रेताचा वार बसला की पात्राची एक पायरी जायची, व्हँपायरचा बसला की दोन. महिनोन्‌महिने दर शनिवारी जमून मिळवलेली प्रगती एका फाशात गेली. मृत्यूपेक्षाही खेळाडू याला घाबरत, आणि बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं हेच आहे: पात्र व्हँपायरला भ्यायला हवं असेल, तर आधी खेळाडू भ्यायला हवा. मुद्दा बिनतोड आहे. अडचण एवढीच की भ्यालेले खेळाडू व्हँपायरच्या वाड्याकडे फिरकतच नसत, आणि डंजन मास्टरनं मेहनतीनं आखलेला वाडा धूळ खात पडे. तिसऱ्या आवृत्तीनं चोवीस तासांनी बचावाची संधी दिली, चौथीनं ही भानगडच काढून टाकली.

कुस्तीवर कोणत्याच आवृत्तीला बराच काळ तोडगा सापडला नाही. १९७९ च्या पुस्तकात झोंबाझोंबीसाठी शेकड्यांचे स्वतंत्र तक्ते होते, बाकीच्या लढाईशी अजिबात न जुळणारे. तिसऱ्या आवृत्तीत कुणाला कवेत घ्यायचं असेल तर आधी त्याला फुकटचा एक वार करू द्यायचा. तो चुकला तर स्पर्शाचा फासा, तो लागला तर दोघांचे परस्परविरोधी फासे, त्यात देहाच्या आकाराचे वेगळे आकडे, मग त्याच्या चौकोनात शिरायचं, आणि त्यानंतर दर फेरीला कोण काय करू शकतो याची वेगळी यादी. कुणी ‘मी त्याला पकडतो’ म्हणालं की कुणीतरी उठून पुस्तक आणायचं. खोल कारण असं की या खेळाचं सगळं युद्धशास्त्र ‘हिट पॉइंट’ या एका आकड्यावर उभं आहे. वार बसला की तो कमी होतो, शून्य झाला की संपलं. कुस्तीत काही कमी होत नाही. दोघांच्या हालचालीवर बंधन येतं, आणि बंधन मोजायला या खेळाकडे आकडाच नव्हता. २०१४ मध्ये ती परस्परविरोधी दोन फाशांवर आली, २०२४ मध्ये एका बचावाच्या फाशावर. आता ती चालते, पण बेचव झाली आहे.

नीतीच्या नियमाबद्दल, म्हणजे ‘अलाइनमेंट’बद्दल, एवढंच सांगितलं तरी पुरे. मायकेल मूरकॉक आणि पोल अँडरसन यांच्या कादंबऱ्यांतला सुव्यवस्था विरुद्ध अनागोंदी हा संघर्ष गायगॅक्सनं उचलला, पुढे त्यात चांगलं-वाईट मिसळून नऊ घरं केली. ‘पॅलाडिन’ या धर्मयोद्ध्यानं आपलं घर सोडलं तर त्याची शक्ती जायची. पकडलेल्या शत्रूला मारणं पाप की न्याय, यावर मग डंजन मास्टर आणि खेळाडू तासभर हुज्जत घालत आणि बाकीचे वेफर्स संपवत. आज ही नऊ घरं पात्राच्या वर्णनापुरती उरली आहेत, त्यांवरून शिक्षा जवळजवळ होत नाही.

नियम पाळायचे की नाहीत याबद्दल गायगॅक्सची भूमिका बदलत गेली. १९७४ च्या पुस्तिकांचा सूर असा होता की पुढची कल्पना तुमची तुम्हीच करा. १९७८-७९ पर्यंत सूर पालटला. देशभर स्पर्धा भरत होत्या, त्यासाठी सगळीकडे एकच खेळ हवा होता, आणि जो मनाला येईल ते बदलतो तो हा खेळ खेळतच नाही असं तो ठणकावू लागला. पण गल्लीतल्या क्रिकेटला ‘एक टप्पा आउट’ शिकवायला लॉर्ड्सची परवानगी लागत नाही, तसंच इथं चाललं. प्रत्येक शस्त्राचा प्रत्येक चिलखतावर होणारा परिणाम सांगणारा भलामोठा तक्ता १९७८ च्या पुस्तकात होता. बहुतेकांनी तो कधी वापरला नाही, आणि आपणही वापरत नसल्याचं गायगॅक्सनं नंतर चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितलं.

उलट दिशेनंही असंच घडलं. त्याला न आवडलेला एक नियम खेळाडूंनी सोडला नाही: फाशावर वीस पडले की दुप्पट इजा. छापील स्वरूपात तो आधी आला १९७५ च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’मध्ये. त्याचा लेखक एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणारा प्राध्यापक होता. गायगॅक्सचा आक्षेप हिशेबी होता. दुप्पट इजा खेळाडूंना मिळाली तर राक्षसांनाही मिळणार, आणि एका पात्राच्या आयुष्यात त्याच्यावर होणारे वार मोजले, तर शेवटी पात्रच मरणार. गणित अचूक होतं. पण वीस पडल्यावर टेबलावर जो आरडाओरडा होतो, त्यापुढे ते टिकलं नाही. १९८९ च्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक होता, २००० पासून कायमचा.

ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या पुस्तकाच्या तयारीसाठी जे चाचणीचे नियम खेळाडूंसमोर ठेवले गेले, त्यांत गायगॅक्सच्या त्या आक्षेपावर उपाय होता: वीसचा दुप्पट फटका फक्त खेळाडूंच्या पात्रांना, राक्षसांना नाही. खेळाडूंच्या फायद्याचा हा बदल खेळाडूंनाच रुचला नाही आणि पुढे तो मागे घेतला गेला. २०२४ च्या पुस्तकाप्रमाणे वीस पडले की राक्षसाचाही फटका दुप्पट लागतो.